शरदातली परसबाग आणि चौथ्या तलंगेची अंडी



सन २०२४ च्या बालदिनाच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी आम्हां सातवीच्या मुलांना 'माझ्या घराभोवतीचे विज्ञान' हा विषय दिला. कुणी विहिरीवर लिहिले, कुणी बैलावर. मी आमच्या परसबागेवर आणि कोंबड्यांवर लिहायचे ठरवले. हे ऐकून आमची आजी म्हणाली, "आगं, त्यात काय लिवायचं? कोंबडी अंडं घालती, भोपळा वेलाला लागतो. झालं की!" पण मी एप्रिलपासून वहीत नोंदी ठेवल्या आहेत. त्या वहीमुळे आमची एक कोंबडी बाजारात जाता जाता वाचली. ती हकिगत मी शेवटी सांगणार आहे. आधी अभ्यासाचा भाग.

१) आमची परसबाग

आमच्या घरामागे दीड गुंठा मोकळी जागा आहे. न्हाणीचे आणि भांडी घासल्याचे पाणी तिथेच जाते, म्हणून वेगळे पाणी फारसे लागत नाही. २०२४ च्या मृगात पहिला पाऊस झाल्यावर आईने आणि मी बी टोकले. कुंपणाच्या आत भेंडी, गवार, चवळी आणि मिरची. कुंपणाला दोडका, घोसाळे आणि कारले. मांडवावर दुधी. उकिरड्याच्या कडेला, कुंपणाबाहेर, लाल भोपळा. न्हाणीच्या पाण्यावर अळू.

भाद्रपद संपला की शरद ऋतूची काढणी सुरू होते. हस्ताचा पाऊस पडून गेला की ऊन तापते. वेलांची खालची पाने पिवळी पडतात आणि वेल आपली सगळी ताकद फळांत घालतो. याच दिवसांत, २३ सप्टेंबरच्या सुमारास, दिवस आणि रात्र सारखी होतात आणि पुढे दिवस लहान होत जातो. हे लक्षात ठेवा, कोंबड्यांच्या वेळी पुन्हा येणार आहे.

२) काढणी कधी करावी?

भाजी वेळेवर तोडणे हे लावण्याइतकेच महत्त्वाचे. मी आई-आजीला विचारून खुणा लिहून घेतल्या.

भेंडी : एक दिवसाआड तोडावी. टोक वाकवले की कट्‌कन मोडले पाहिजे. न मोडता वाकले तर भेंडी जून झाली. जून भेंडी झाडावर राहिली तर झाड बी पोसत बसते आणि नवी फुले कमी येतात.

दोडका व घोसाळे : नख सहज रुतले पाहिजे. घोसाळे वेलावर वाळले तर आतली जाळी अंग घासायला होते.

दुधी : अंगावर बारीक लव असते तोवर कोवळा. लव गेली आणि नख रुतेना, की तो बियाण्याचा.

लाल भोपळा : याची घाई करू नये. देठ वाळून बुचासारखा कडक झाला, सालीची चमक गेली आणि साल नखाने ओरखडेना, म्हणजे तयार. तोडताना चार बोटे देठ फळाला ठेवावा. देठाशी जखम झाली की तिथूनच कूज शिरते.

ही शेवटची गोष्ट आम्ही नुकसान करून शिकलो. माझ्या धाकट्या भावाने घटस्थापनेच्या दिवशी हौसेने एक भोपळा पिरगाळून आणला. देठ मुळापासून निघाला. आठ दिवसांत भोपळा बुडाशी मऊ पडला आणि दसऱ्याच्या आत उकिरड्यावर गेला. आई म्हणाली, "चार किलो भोपळा म्हंजे चार वक्ताची भाजी गेली." भाऊ त्या दिवशी गप्प जेवला.

भोपळ्याचे आणखी एक सांगते. ऑगस्टमध्ये वेलाला भरपूर पिवळी फुले आली, पण एकही फळ धरेना. आजीला वाटले वेल वांझ आहे. गुरुजींनी आम्हांला घरी येऊन फुले उघडून दाखवली. ज्या फुलामागे नुसती लांब दांडी असते ते नर फूल. ज्या फुलामागे लिंबाएवढी गोळी असते ते मादी फूल. सुरुवातीला नर फुलेच जास्त येतात. पुढे मादी फुले येऊ लागली, पण पावसामुळे मधमाश्या फिरकत नव्हत्या. मग आम्ही सकाळी सातच्या आत नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला लावले. पाच फुलांना लावले, चार धरली. वेल वांझ नव्हताच. 'वांझ' हा शब्द आपण फार लवकर उच्चारतो, हे मला पुढे कोंबडीच्या वेळीही दिसले.

३) बियाणे

सगळी भाजी खायची नसते. प्रत्येक वेलाचे एक चांगले, निरोगी फळ बियांसाठी राखायचे. ते शेवटचे किडके फळ नव्हे, पहिल्या बहरातले. आजी बिया धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळून मडक्यात ठेवते. राख ओलावा ओढून घेते आणि किडा लागू देत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावठी वाणांची बियाणी जपून घरी बियाण्यांची बँक केली. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. हे मी आजीला वाचून दाखवले तेव्हा ती आपल्या मडक्याकडे बघून म्हणाली, "मग माजं बी मडकं साधं न्हाई म्हणायचं."

४) आमच्या कोंबड्या

२०२३ च्या उन्हाळ्यापर्यंत आमच्याकडे बारा कोंबड्या होत्या. मीठ, साबण, माझ्या वह्या हे सगळे आजी अंड्यांच्या पैशांतून भागवायची. मे महिन्यात एक कोंबडी सकाळी खुराड्याबाहेर येईना. पंख पाडून बसली, हिरवट पातळ घाण करू लागली. दुसऱ्या दिवशी तिची मान पिळल्यासारखी वाकडी झाली. सहा दिवसांत अकरा कोंबड्या मेल्या. एक तांबडी तेवढी वाचली. आजीने खुराडे उलटे करून ठेवले आणि म्हणाली, "आता नको मला जीव लावायला."

या रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात. पुस्तकात याचे नाव राणीखेत. १९२६ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावी तो आढळला, म्हणून तिकडे त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात. पुढे तो आपल्या देशात राणीखेत या डोंगरातल्या गावी आढळला, म्हणून हे दुसरे नाव पडले. हा विषाणूचा रोग आहे. एकदा झाला की औषध नाही. पण होऊ नये म्हणून लस आहे. ही गोष्ट आम्हांला अकरा कोंबड्या गेल्यावर कळली.

२०२४ च्या होळीला, २४ मार्चला, तांबडी खुडूक बसली. मी आजीच्या मागे लागले. शेवटी आजी म्हणाली, "बसव. पण औंदा मेल्या तर तूच पुरायच्या." टोपलीत पेंढा घालून शेजारच्या काकूंकडून आणलेली अकरा अंडी ठेवली. आठव्या रात्री एकेक अंडे बॅटरीसमोर धरून बघितले. नऊ अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या रेषा दिसल्या. दोन स्वच्छ होती. ती फळलेली नव्हती.

बरोबर एकविसाव्या दिवशी, १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक रस्त्याने जात असताना टोपलीत पहिले चिवचिव ऐकू आले. नऊ पिल्ले निघाली. एक घारीने नेले, एक मुंगसाने. सात राहिली. त्यांतले तीन कोंबडे आणि चार तलंगा. (ज्या मित्रांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबडीला तलंग म्हणतात.) रंगावरून मी त्यांची नावे ठेवली. करडी, तांबूस, काळी आणि पांढरी.

५) वाडीची मोजणी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी आणि आण्णा पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरसाहेबांनी विचारले, "कोंबड्या किती?" मी म्हटले, "आठ." ते हसले आणि म्हणाले, "बाळ, लशीची बाटली शंभर कोंबड्यांची असते. एकदा पाण्यात कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी फोडली तर बाकीची वाया जाते. तू शंभर कोंबड्या गोळा कर, मी येतो."

मी आणि माझ्या दोन मैत्रिणी वही घेऊन वाडीत घरोघर फिरलो. आमच्या वाडीत तेवीस घरे. चौदा घरी कोंबड्या. मोजल्या तेव्हा एकूण शहाण्णव भरल्या. पण तीन घरे नको म्हणाली. "टोचल्यावर कोंबडी मरती," "आमच्या कोंबड्या ठणठणीत हायेत, कशाला टोचायच्या?" अशी उत्तरे मिळाली. मी डॉक्टरसाहेबांना फोनवर हे सांगितले. ते म्हणाले, "ठणठणीत असतानाच टोचायची असते. रोग अंगात शिरल्यावर लस दिली तर कोंबडी मरते, आणि लोक म्हणतात लशीनं मेली." हे उत्तर घेऊन आम्ही परत गेलो. दोन घरे तयार झाली. एक नाही झाले.

१९ जूनला पहाटे साडेपाचला डॉक्टरसाहेब थर्मासमध्ये बर्फ आणि लस घेऊन आले. पहाटेची वेळ अशासाठी की कोंबड्या खुराड्यात असतात, धरायला पळावे लागत नाही, आणि उन्हाने लस खराब होत नाही. दोन महिन्यांपुढच्या कोंबड्यांना आर-टू-बी नावाची लस पंखाच्या कातडीखाली टोचतात. लहान पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात देतात. ते आम्हांला एप्रिलमध्ये ठाऊक नव्हते. पुढच्या पिल्लांना देणार आहोत. सव्वा तासात तेरा घरच्या नव्वद कोंबड्या झाल्या.

भाद्रपदात मानमोडी पुन्हा आली. ज्या एका घरी लस घेतली नव्हती, त्यांच्या सहांपैकी पाच कोंबड्या चार दिवसांत गेल्या. डॉक्टरसाहेबांनी येऊन बघितले आणि मानमोडीच म्हणून सांगितले. त्यांच्या कोंबड्या आणि आमच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर उकरत असत. वाडीतल्या टोचलेल्या कोंबड्यांपैकी मानमोडीने एकही गेली नाही. त्या घराचे नाव मी लिहीत नाही. कारण २०२३ साली हेच आमच्या घरी घडले होते, आणि तेव्हा कुणी आम्हांला हसले नव्हते. त्या घरच्या आजींनी पुढच्या खेपेला आपले नाव यादीत पहिले लिहायला सांगितले आहे.

६) तलंग अंड्यावर आली हे कसे ओळखावे?

गावठी तलंग साधारण सहा-सात महिन्यांची झाली की अंडी घालू लागते. आजीने सांगितलेल्या आणि मी तपासलेल्या खुणा अशा :

(अ) तुरा आणि गालाखालचे लोंबते कातडे फिकट असते ते लालभडक होते.
(आ) पाठीवर हात ठेवला की तलंग पळून न जाता पंख पसरून खाली बसते.
(इ) शेपटीखाली दोन हाडांची टोके लागतात. अंड्यावर न आलेल्या तलंगेत त्यांत एकच बोट मावते. अंड्यावर आलेलीत दोन-तीन बोटे मावतात.
(ई) ती कॉक् कॉक् करीत अंधारे कोपरे शोधत फिरते.

नवरात्रात आमच्या घरी अंडे खात नाहीत. आजी रोज म्हणायची, "माज्या तलंगा शहाण्या हायेत, दसऱ्याआधी घालायच्या न्हाईत." दसरा १२ ऑक्टोबरला झाला. १४ ऑक्टोबरला सकाळी दहा वाजता करडीने पहिले अंडे घातले. तिचे वय त्या दिवशी १८३ दिवस. अंडे लहानच होते, आणि टोकाला रक्ताची बारीक रेघ होती. पहिल्या अंड्याला असे होते, घाबरू नये. आजीने ते अंडे देवापुढे नेले नाही, पण हातात धरून बराच वेळ बघत राहिली. मग उलटे ठेवलेले जुने खुराडे तिने स्वतः सरळ केले.

गंमत अशी, की त्याच दिवसांत म्हातारी तांबडी अंडी घालायची थांबली आणि तिची पिसे झडू लागली. असे का? गुरुजींनी सांगितले, कोंबडीला अंडी घालायला उजेड लागतो. उजेड डोळ्यांतून आणि कवटीतून मेंदूपर्यंत पोचतो आणि मेंदू शरीराला अंडे तयार करायचा हुकूम देतो. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. शरदात दिवस आखडू लागला की जुन्या कोंबड्या विश्रांती घेतात आणि नवी पिसे चढवतात. तलंगांचे शरीर मात्र नुकतेच तयार झालेले असते, म्हणून त्या सुरू होतात.

७) अंडे कसे तयार होते?

आधी पिवळा बलक सुटतो. त्याभोवती सुमारे तीन तासांत पांढरे चढते. मग पातळ पडदे. शेवटी कवच, आणि त्याला सर्वांत जास्त वेळ, सुमारे वीस तास लागतात. एका अंड्याला एकूण साधारण पंचवीस तास. दिवस तर चोवीस तासांचा! म्हणून करडीचे अंडे माझ्या वहीत आज दहाला, उद्या सव्वाअकराला, परवा साडेबाराला असे पुढे सरकत गेले आणि चौथ्या दिवशी खाडा पडला. आई म्हणाली, "हिची पाळी चुकली." पाळी चुकली नव्हती, गणित जमले होते.

अंडे घालायला कोंबडा लागत नाही. पिल्लू निघायला मात्र लागतो.

८) मऊ अंडे

२० ऑक्टोबरला तांबूसने घातलेले अंडे हातात घेतले तर ते पिशवीसारखे मऊ! कवचच नव्हते. आजीने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. "नजर लागली. तू लिवत बसतीस ना वहीत, तुजीच लागली."

मी शाळेत येऊन गुरुजींना सांगितले. त्यांनी अंड्याच्या कवचाचा तुकडा लिंबाच्या रसात टाकायला लावला. तुकड्यावर बारीक बुडबुडे आले. चुनखडीवर लिंबू पिळले तरी असेच बुडबुडे येतात. तो कार्बन डायऑक्साइड वायू. म्हणजे कवच हे चुनखडीच्याच पदार्थाचे आहे. कोंबडी हा चुना खाण्यातूनच आणणार. नुसती बाजरी आणि तांदळाच्या कण्या खाऊन तिला तो पुरत नाही. खाण्यातून मिळाला नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढते.

आम्ही ओढ्यातले शिंपले कुटून ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे केले आणि वेगळ्या करवंटीत ठेवले. घरातली अंड्यांची टरफलेही तव्यावर भाजून, बारीक चुरून दिली. टरफल तसेच टाकू नये, कोंबड्यांना अंडी फोडून खायची सवय लागते. आठवड्यानंतर तांबूसची अंडी चांगली टणक येऊ लागली. गुरुजी म्हणाले, नव्या तलंगेची एखाद-दोन अंडी मऊ येतात आणि पुढे आपोआपही सुधारतात. म्हणून सगळे श्रेय शिंपल्यांना देता येणार नाही. पण शिंपल्यांचे नुकसान काही नाही, आणि खर्चही नाही. आजी म्हणते दोन्हीने झाले, मिरच्यांनी आणि शिंपल्यांनी.

९) चौथी तलंग

करडी सुरू झाली, तांबूस सुरू झाली, २६ तारखेला काळीने घातले. पांढरीचे मात्र एकही नाही. टोपलीतली अंडी आम्ही रंग-आकारावरून ओळखायचो. २७ ऑक्टोबरला आण्णा म्हणाले, "ही वांझ हाय. मंगळवारी बाजारला नेऊ. दिवाळीचं तेल-डाळ तरी येईल." मंगळवार म्हणजे धनत्रयोदशी, २९ तारीख. आईला पटले. आजीही काही बोलली नाही. घरात पैशांची नड होती, हे मलाही दिसत होते.

रात्री मी वही काढली. पांढरीच्या पानावर लिहिले होते : '१५ ऑक्टोबर. तुरा लाल. हात ठेवला की बसते. हाडांत तीन बोटे.' म्हणजे शरीर सांगत होते की ती अंड्यावर आली आहे, आणि टोपली सांगत होती की नाही. दोन्हींतले एक चुकत होते. दुसऱ्या एका नोंदीकडे माझे लक्ष गेले. 'पांढरी टोपलीकडे गेली की करडी टोचून हाकलते,' असे मी चार वेळा लिहिले होते.

कोंबड्यांत मानपान असतो. कोण कुणाला टोचणार हे ठरलेले असते. नॉर्वे देशातल्या थोर्लीफ शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ साली हे शास्त्रीय रीतीने मांडले. ते लहानपणापासून कोंबड्यांकडे बघून नोंदी ठेवत होते, असे गुरुजींनी सांगितले होते. आमची पांढरी सगळ्यांत खालची.

मी सकाळी आण्णांना म्हटले, "आण्णा, आजचा दिवस द्या. ती दुसरीकडं घालत असंल." आण्णा म्हणाले, "बघ. पण उद्या सकाळी सहाची गाडी हाय."

त्या दिवशी वसुबारस होती. मी सकाळपासून पांढरीवर लक्ष ठेवले, पण अकरा वाजता पाणी भरायला गेले आणि ती दिसेनाशी झाली. घरामागे, गोठ्यात, सरपणाच्या खोपटात, कुठेच नाही. दुपारी आई म्हणाली, "ते राहू दे आता. भोपळ्याचा वेल वाळलाय, फळं काढून घे, दिवाळीला पाहुणे येतील."

वेलावर तीन भोपळे होते. दोन मी देठ ठेवून तोडले. तिसरा उकिरड्याच्या मागच्या बाजूला, वाळक्या पानांच्या ढिगात होता. पाने बाजूला केली तर आत खळगा. खळग्यात पांढरी बसलेली. तिने माझ्याकडे बघितले, पण उठली नाही. मी हात घातला. कोमट अंडे. दुसरे. तिसरे. एकूण आठ अंडी होती.

मी ओरडले असावे, कारण सगळे धावत आले. आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी अंडी मोजली, पुन्हा मोजली, आणि तिसरा भोपळा स्वतः उचलून घरात नेला. दुसऱ्या दिवशी सहाच्या गाडीने ते गेले ते दोन भोपळे घेऊन. पांढरी राहिली.

ती आठ अंडी किती दिवसांची हे ठाऊक नव्हते, म्हणून पाण्याच्या पातेल्यात टाकून पाहिली. सहा तळाशी आडवी पडली, ती ताजी. दोन तळाशीच उभी राहिली, ती जुनी. तरंगले असते तर टाकून द्यावे लागले असते. अंडे जुने होते तसे आतले पाणी कवचाच्या हजारो बारीक छिद्रांतून उडते आणि आतली हवेची पोकळी मोठी होते, म्हणून असे होते.

पांढरीसाठी आम्ही गोठ्यात वेगळी टोपली ठेवली. तिच्यात अंड्याएवढा पांढरा गोटा खुणेला ठेवला. तिसऱ्या दिवशी ती तिथे बसली.

१०) हिशेब

१४ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२४, दिवस ३०.
करडी १५, तांबूस १३, काळी ९, पांढरी १४. एकूण अंडी ५१.
घरात खाल्ली २२. विकली २४, दर दहा रुपये, आले २४० रुपये. फुटली, मऊ निघाली व प्रयोगाला गेली ५.

गावठी कोंबडी वर्षभर अशी घालत नाही. बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक बसते आणि घालणे थांबवते. वर्षाला साठ-ऐंशी अंडी म्हणजे चांगली कोंबडी.

बागेचे आणि कोंबड्यांचे देणेघेणे असे : निबर भाजी, किडकी पाने, किडे हे कोंबड्यांना. हिरवा पाला खाल्ला की बलक गर्द पिवळा होतो. कोंबड्यांची विष्ठा बागेला. पण ताजी घालू नये, रोपे जळतात. पाल्यात मिसळून दोन-तीन महिने कुजवावी.

२४० रुपयांतले दीडशे घरखर्चाला गेले. नव्वद रुपये आजीने बियांच्या मडक्याशेजारच्या डब्यात ठेवले आहेत. डब्यावर तिने माझ्याकडून 'लस' असे लिहून घेतले.

करून पाहा

१. कवचाचा तुकडा लिंबाच्या रसात टाका व निरीक्षण लिहा.
२. घरातली पाच अंडी पाण्यात टाकून ताजी-जुनी ओळखा.
३. भोपळ्याचे नर व मादी फूल आणून वर्गात दाखवा.
४. तुमच्या वाडीतल्या कोंबड्या मोजा. शंभर भरतात का?

पालकांना विनंती

पुढच्या लसीकरणासाठी यादी शाळेच्या फळ्याशेजारी लावली आहे. आपल्या घरच्या कोंबड्यांची संख्या लिहून जावी. एक असली तरी लिहावी. आणि एखादी तलंग अंडी घालत नसेल, तर बाजारात नेण्याआधी एकदा वाळक्या वेलांखाली हात घालून बघावा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी